हिरवे पाणी उकळून प्यावे का?

तलावाचे किंवा नदीचे पाणी हिरवे झाले की घरात पहिला प्रश्न येतो: उकळले तर चालेल का? जंतू मारण्यासाठी उकळणे उत्तमच. पण हिरव्या पाण्याच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही.

पाणी हिरवे का होते?

प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेली खते यांमुळे पाण्यात नत्र व स्फुरद साठतात. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी झपाट्याने वाढतात. पुण्यात मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णी हे त्याचेच लक्षण आहे.

कोणते आजार होऊ शकतात?

• जंतूंमुळे: सांडपाण्याबरोबर मैलाही येतो. त्यातून गॅस्ट्रो, कॉलरा, टायफॉइड आणि कावीळ पसरते. हिपॅटायटिस ई ची कावीळ गरोदर स्त्रियांसाठी विशेष धोकादायक असते.

• शेवाळाच्या विषामुळे: नील-हरित शेवाळाच्या काही जाती मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतात. ते यकृताला इजा करते. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रक्तात गेल्याने ५० हून अधिक रुग्ण दगावले.

• नायट्रेटमुळे: खते व सांडपाण्यातील नायट्रेट विहिरी-बोअरमध्येही झिरपते. अशा पाण्यात कालवलेले पावडरचे दूध सहा महिन्यांखालील बाळाला दिल्यास त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे.

उकळल्याने काय होते?

जंतू मरतात. शेवाळाचे विष मात्र टिकून राहते. उलट शेवाळाच्या पेशी फुटून ते पाण्यात मिसळते. नायट्रेटही जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

काय काळजी घ्यावी?

• हिरवे, साय धरलेले पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, त्यात पोहू नका आणि गुरांनाही पाजू नका.
• पिण्यासाठी दुसऱ्या, सुरक्षित ठिकाणचे पाणी आणा. त्यात जंतूंची शंका असल्यास उकळून घ्या.
• घरात बाळ असेल तर विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील नायट्रेट प्रयोगशाळेत तपासून घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाब-उलट्या सुरू होताच ओआरएस द्या. लघवी कमी होणे, सुस्ती, शौचातून रक्त, डोळे पिवळे होणे किंवा बाळाचे ओठ-नखे निळसर दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास ताबडतोब दवाखान्यात जा. रुग्ण कोणते पाणी प्यायला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.