प्रौढ स्वमग्न व्यक्तीचा दैनंदिन भार : प्रकार आणि परिहार

स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या विकासातील, बालपणापासून असणारी आणि आयुष्यभर टिकणारी भिन्नता. तिची लक्षणे दोन वर्गांत मोडतात : (1) सामाजिक संज्ञापनातील अडचण, (2) वर्तन, आवड व दिनक्रम यांतील पुनरावृत्ती. संवेदनांची अतितीव्रता किंवा मंदता दुसऱ्या वर्गात येते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने 2013 साली ॲस्पर्गर इत्यादी पृथक् निदाने स्वमग्नतेच्या एकाच वर्णपटात समाविष्ट केली. परिस्थितीची मागणी आणि ती पेलण्याची तत्कालीन शक्ती यांतील तफावतीस येथे ‘भार’ म्हटले आहे.

भार त्रिविध आहे : संवेदनांचा, अनिश्चिततेचा व संज्ञापनाचा. कामावरून परतल्यावर घरात कोणाशीही न बोलणे, हे एकच वर्तन तिन्हींपैकी कशातूनही उद्भवते. म्हणून वर्तनावरून कारण ठरवू नये, नोंद ठेवावी. नोंदीत तीन गोष्टी असाव्यात : आधी काय घडले, कोठे घडले, पूर्ववत होण्यास किती वेळ लागला.

कारणानुसार परिहार बदलतो. संवेदनांच्या भारात उगम व कालावधी कमी करावा : गर्दीआधीची लोकल, कानांत बोळे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दुसरी खोली. अनिश्चिततेच्या भारात माहिती आधी मिळवावी; लग्नास जाताना बसायचे कोठे, पंगत केव्हा, निघायचे किती वाजता, हे ठरलेले असावे. संज्ञापनाच्या भारात गृहीत गोष्ट उघड करावी. ‘जरा बघून घ्या’ या कार्यालयीन सूचनेत काय, कसे व केव्हापर्यंत, यांपैकी काहीच नसते. त्यावर लेखी विचारावे : ‘तक्त्यातील बेरजा तपासून गुरुवारी दुपारपर्यंत पाठवतो. एवढेच अपेक्षित आहे ना?’

परिहाराचा क्रमही निश्चित आहे : प्रथम परिस्थिती बदलावी, मग कामाची पद्धत, शेवटी व्यक्तीचे कौशल्य. क्रम उलटल्यास व्यक्ती अडचण लपवण्यास शिकते. लपवण्यालाही शक्ती लागत असल्याने मूळ भारात नवा भार मिळतो. भार असह्य होऊन उद्रेक झाला किंवा वाचा बंद पडली, तर त्या क्षणी प्रश्न व उपदेश दोन्ही थांबवावेत. प्रश्न व उपदेश हेही संज्ञापनच, म्हणजे आणखी भार होय.

यापुढचा प्रश्न निदानाच्या प्रकटनाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश असून शासकीय आस्थापनांवर वाजवी सोयी पुरवण्याचे बंधन आहे. नोकरीतील आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. तेव्हा दोन मागण्या वेगळ्या ठेवाव्यात. लेखी सूचना किंवा भिंतीलगतचे टेबल निदान न सांगताही मागता येते. वैधानिक हक्क मागताना मात्र निदान सांगणे अपरिहार्य ठरते.

परिहार यशस्वी झाला की नाही, याची कसोटी उपरोक्त नोंदीतच आहे. व्यक्ती चारचौघांसारखी दिसू लागली, हा पुरावा नव्हे. तसे लपवण्यामुळेही दिसते. पूर्ववत होण्यास लागणारा वेळ घटला, तरच भार घटला.