जीव देणे आणि देह ठेवणे

माणूस आपण होऊन गेला, तर मराठीत त्याला दोन तऱ्हांनी बोलतात. साधूने ‘देह ठेवला’, सासुरवाशिणीने ‘जीव दिला’. पहिल्यात मान आहे, दुसऱ्यात कुजबूज. माझ्या लहानपणी आमच्या आळीतली एक सून अशी गेली, तेव्हा सारी आळी ‘पाय घसरला’ असेच म्हणत राहिली. खरे बोलावे, तर घराण्याला बट्टा आणि दाराशी नारायणबळी!

ही वाटणी जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आत्मत्याग करणाऱ्यास उदक देऊ नये असे सांगितले आहे. सहाव्यात मात्र वानप्रस्थाला देह पडेपर्यंत ईशान्येकडे चालत राहण्याची मोकळीक आहे. विरक्त होऊन गेला तो वंद्य, त्रासून गेला तो निंद्य. जैनांची सल्लेखनाही याच विचाराची. १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी ती घेतली, तेव्हा दर्शनाला रीघ लागली. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडले, तेव्हाही लोकांनी हातच जोडले.

ख्रिस्ती धर्माने अशी वाटणी मानली नाही. ‘हत्या करू नको’ या आज्ञेत स्वतःची हत्याही येते, असे संत ऑगस्टिनचे म्हणणे. इंग्लंडात अशांना चव्हाट्यावर पुरीत. ती चाल १८२३च्या कायद्याने थांबली आणि गुन्हा १९६१ साली पुसला गेला. हाच विचार १८६०च्या दंडविधानातून आपल्याकडे आला. कलम ३०९ : जो वाचला, त्याला वर्षापर्यंत कैद! त्याच कलमाच्या आधारे २०१५ साली राजस्थानच्या उच्च न्यायालयाने जैनांचा संथारा गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यास स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि ते कलम गेले.

कायदा बदलला, जीभ बदलली का? मी शिक्षक. वर्गात ‘श्यामची आई’ वाचताना एका मुलाने विचारले, “सर, साने गुरुजी कशाने गेले?” गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपण होऊन जगाचा निरोप घेतला, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “आजारी होते.”

घरी येताना आमची आळी आठवली. मीही ‘पाय घसरला’ असेच म्हणालो होतो. त्रासलेल्या माणसाला ना धर्माने मान दिला, ना आम्ही कान दिला. पुन्हा कोणी विचारले, तर खरे सांगेन, आणि म्हणेन, “बाळ, मन फार जड झाले, तर आधी माझ्याकडे ये.”