ट्रायल्स मोटारसायकल : शिकाऊंसाठी निवड

ट्रायल्स हा वेगाचा नव्हे, तोलाचा मोटारसायकल खेळ. खडक, ओढ्याचे पात्र, चिखल, झाडांची मुळे अशा अवघड जागी फीत बांधून आखलेल्या छोट्या टप्प्यांतून (सेक्शन) पाय न टेकता गाडी पार न्यायची असते. पाय एकदा टेकल्यास १, दोनदा २, त्याहून अधिक वेळा टेकल्यास ३ आणि गाडी पडली किंवा हद्दीबाहेर गेली तर ५ दंडगुण मिळतात. सर्वांत कमी दंडगुण मिळवणारा विजयी ठरतो.

इतिहास : स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही या खेळातील जुनी व मानाची स्पर्धा १९०९ पासूनची. भारतीय वाचकाच्या परिचयाची रॉयल एन्फील्ड बुलेट या मैदानातही गाजली. मागील चाकाला स्प्रिंगचे सस्पेन्शन असलेले तिचे नमुने १९४८ मध्ये इंग्लंडमधील कोलमोर ट्रायलमध्ये प्रथम उतरले. मागचे चाक हलते असेल तर गाडीवर ताबा राहत नाही, असा तेव्हा समज होता. चालक जॉनी ब्रिटन याने १९५२ व १९५७ मध्ये ३५० सीसी बुलेटवर स्कॉटिश ट्रायल जिंकून तो खोटा पाडला. त्याच दशकात भारतीय सैन्याने बुलेट स्वीकारली आणि मद्रासमध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. भारतात मात्र ती रस्त्याची आणि रुबाबाची गाडी म्हणूनच रुजली.

जड गाड्यांचा काळ ट्रायल्सपटू सॅमी मिलरने संपवला. ५०० सीसी एरियल सोडून १९६४ च्या अखेरीस तो स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला आणि १९६५ मध्ये हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर त्याने स्कॉटिश ट्रायल जिंकली. जागतिक अजिंक्यपद १९७५ पासून. स्पेनचा टोनी बो २००७ ते २०२४ पर्यंत दरवर्षी विजेता.

खास बनावटीची गाडी : माँटेसा, गॅसगॅस, बेटा, शेर्को, टीआरएस या आजच्या प्रमुख कंपन्या. गाडीचे वजन साधारण ६५ ते ७५ किलो. बसायला सीट जवळजवळ नसते, कारण चालवायचे ते उभ्याने. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल मावते. हँडल दोन्ही बाजूंना भरपूर वळते. पुढे २१ इंची व मागे १८ इंची चाक असून टायरमध्ये हवा ४ ते ६ पीएसआय एवढीच ठेवतात, म्हणजे टायर दगडाला चिकटून बसतो. शिकाऊला १२५ ते २५० सीसीची, मऊ पिक-अपची गाडी पुरते. ३०० सीसीची गाडी नवख्याच्या हातातून निसटते. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक याबाबत जाणकारांत मतभेद आहेत.

निवडीचे निकष (गाडी खास बनावटीची असो वा रस्त्याची) : (१) वजन – पडलेली गाडी एकट्याला, दिवसभरात अनेकदा उचलता आली पाहिजे. (२) इंजिन – अगदी कमी फेऱ्यांवर न गचकता ओढणारे. (३) क्लच – एका बोटाने सांभाळता येईल असा हलका. सगळा खेळ हाफ क्लचवर चालतो. (४) गिअरिंग – पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने गाडी जावी. रस्त्यावरच्या गाडीत पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी किंवा मागच्याचे दोन-तीन दाते जास्त केल्यास हे काही अंशी साधते. टॉप स्पीड घटतो, त्याचे येथे काही अडत नाही. (५) फुटरेस्ट – रस्त्याच्या गाडीचे फुटरेस्ट बसणाऱ्याच्या सोयीचे, पुढे असतात. उभे राहिल्यावर वजन पुढे झुकते व चढावर मागचे चाक जागीच फिरते. फुटरेस्ट थोडे मागे व खाली घेतले की गुडघे मोकळे राहतात आणि हँडलला लोंबकळावे लागत नाही. (६) सुटे भाग – लिव्हर, इंडिकेटर, गिअरचा खटका हे मोडणारच; ते स्वस्त व जवळ मिळावेत.

भारतात मिळणाऱ्या गाड्या : रॉयल एन्फील्डने मार्च २०१९ मध्ये बुलेट ट्रायल्स ३५० व ५०० या गाड्या आणल्या, वर्षभरातच त्या बंद झाल्या. वजन १८० किलोंहून अधिक असल्याने नाव ट्रायल्स असले तरी त्या शिकण्यास योग्य नाहीत. यामाहा आरएक्स १०० (१९८५–९६) वजनाने शंभर किलोंच्या आसपास, पण चांगल्या स्थितीतील गाडीला आता हौशी संग्राहकांमुळे चढी किंमत पडते. हिरो इम्पल्स (२०११, १५० सीसी, १३४ किलो) जुन्या बाजारात क्वचित मिळते. हिरो एक्सपल्स २०० (२०१९) हिला २१ व १८ इंची चाके आणि २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स असून वजन १५५ किलोंच्या आसपास आहे. नव्या गाड्यांत हा एक व्यवहार्य पर्याय. केवळ तोल, हाफ क्लच व आठाचा आकडा घोटण्यासाठी घरची जुनी स्प्लेंडरही चालते.

सरावाची जागा, उदाहरणार्थ कोल्हापूर : हुपरी भागातील मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, पण तो डांबरी व वेगाचा. ट्रायल्सला लागणारा खडक पन्हाळा-जोतिबा भागात विपुल आहे. वर जांभा, खाली काळा बेसाल्ट. कोरडा जांभा खरबरीत असल्याने टायरला धरतो. जून ते सप्टेंबर शेवाळ चढल्यावर त्यावर नवख्याने जाऊ नये. मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आणि पन्हाळगड संरक्षित स्मारक असल्याने दोन्ही वर्ज्य. मालकाची परवानगी घेऊन बंद पडलेली दगडखाण वापरणे उत्तम. शहराची खरी जमेची बाजू म्हणजे शिवाजी उद्यमनगर. फौंड्री, लेथ व वेल्डिंगची कामे एकाच वसाहतीत होत असल्याने इंजिनाखालची संरक्षक पत्र्याची ढाल, फुटरेस्टचे ब्रॅकेट, हव्या तितक्या दात्यांचे स्प्रॉकेट येथे नमुन्याबरहुकूम करून मिळते.

मुलांसाठी : ओसेट या विजेवरील छोट्या ट्रायल्स गाड्या परदेशात लोकप्रिय झाल्या.

कायदा : नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. खास बनावटीच्या ट्रायल्स गाडीची नोंदणी झालेली नसल्यास ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. सरावाच्या जागेपर्यंत ती टेम्पोतूनच न्यावी लागते.