वाळूत रुतलेली गाडी

मंडळी, पिशोरच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की आपण काय करतो? चाकाखाली दगड, गोणपाट, पऱ्हाट्या टाकतो आणि शेजारच्याला हाक मारतो. आजची गोष्ट तीच आहे, फक्त जागा इजिप्त-लिबियाचं वाळवंट.

१९२०च्या दशकात राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश अधिकारी सुट्टीत मित्रांबरोबर साध्या फोर्ड गाड्या घेऊन तिथं फिरू लागला. टायरमधली हवा कमी केली की चाक पसरतं, कमी रुततं. रुतलंच तर खाली लोखंडी पन्हळ सरकवायची. रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून तेच पाणी पुन्हा वापरायचं. गाडीच्या लोखंडानं होकायंत्र चुकतं, म्हणून दिशा सूर्याच्या सावलीवरून काढायची.

पुढं १९४० मध्ये याच अनुभवावर लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही लष्करी तुकडी उभी राहिली. सुट्टीतला छंद लढाईच्या कामाला आला. १९४२ मध्ये भारतीय सैनिकांची इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही तिच्यात सामील झाली. मला तरी हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून विचारतो: याला वाळवंट ‘जिंकणं’ म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. टायरची हवा कमी करणारा माणूस वाळूपुढं थोडा नमतोच. शिवाय एकटी गाडी तिथं न्यायची नसते. एक बंद पडली तर माणसं दुसरीत बसवायची असतात. स्वातंत्र्य म्हणजे एकट्यानं सुसाट जाणं, असं आपण समजतो. तिथं मात्र मागं दुसरी गाडी आहे, म्हणूनच पुढं जाता येतं.