ठासणीच्या रायफलीचे बूड



ठासणीची बंदूक म्हटली की आपले लक्ष तिच्या तोंडाकडे जाते. दारू तेथून ओतावयाची, गोळीही तेथूनच घालावयाची आणि गजाने ठासावयाची. परंतु बंदुकीचा खरा कस बुडाशी लागतो. नळीचे मागचे टोक ज्या आटेदार बुचाने बंद करतात, ते ब्रीच-प्लग. ते सुटले तर बार नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर येतो. आटे पाडण्यात माझी उमेद गेली, म्हणून या बुचाची मला आस्था.

१५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या तोड्याच्या बंदुका आल्या. तेथल्या लोहाराने नळी घडविली. पण बूड बंद करणे साधेना. ती विद्या पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी लोहाराकडून घ्यावी लागली, असे १६०६ चा ‘तेप्पोकी’ हा वृत्तान्त सांगतो.

पुढे रायफलींत या बुचाचे मुख्य तीन प्रकार दिसतात. पहिला साधा. बूच आणि दस्त्यावर टेकणारी शेपटी एकाच लोखंडाची. १८५७ साली जिच्या काडतुसांवरून भडका उडाला, ती १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड या जातीची. तिची नळी काढावयाची तर पट्ट्या सोडवून शेपटीचा स्क्रूही काढावा लागतो.

दुसरा प्रकार कोठीचा. लंडनच्या हेन्री नॉकने १७८७ साली त्याचे पेटंट घेतले. बुचातच एक लहान कोठी ठेवून ठिणगी आधी तीत नेली. तेथून जाळ मुख्य दारूत शिरे आणि बार झपाट्याने पेटे.

तिसरा आकड्याचा. येथे शेपटी दस्त्यालाच राहते आणि बुचाचा आकडा तिच्यात अडकतो. दोहोंमध्ये सांध्याची बारीक रेघ दिसते. पुढची आडवी पाचर काढली की नळी तोंडाकडून उचलून अलग करता येते, धुण्यास सोयीची. कोठी आणि आकडा एकाच बुचात असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

ओळखावयाचे कसे? गज नळीत तळापर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीवर ठेवून पाहावा. टोक कानाच्या बरेच अलीकडे थांबले, तर बुचात कोठी असेल; किंवा आत जुना बार भरलेला असेल! म्हणून वाड्यात सापडलेल्या बंदुकीचे बूड पान्याने पिळू नये. ती भरलेलीच आहे असे धरावे आणि जाणत्याच्या हाती द्यावी.

१८६६ साली इंग्रजांनी स्नायडरच्या युक्तीने एन्फिल्डच्या नळ्यांचे बूड कापून तेथे बिजागरीचे झाकण बसविले. ठासण्याचे काम संपले. जुन्या नळ्यांच्या पोटाखाली, दस्त्याने झाकलेल्या भागी, अजून कधी कारागिरांची अद्याक्षरे आढळतात. संग्रहालयाच्या काचेतून ती दिसत नाहीत. नळी काढणाऱ्यालाच दिसतात. त्याने ती वाचून टिपून ठेवावीत, एवढीच विनंती.