न्यूजग्रुप सर्व्हर

न्यूजग्रुप सर्व्हर म्हणजे विषयवार गटांतील जाहीर संदेश साठवणारी, ते वाचकांना पुरवणारी आणि इतर सर्व्हरांशी त्यांची देवाणघेवाण करणारी संगणकप्रणाली होय. यूजनेट हे जागतिक संदेशजाळे अशा सर्व्हरांचे बनलेले आहे. त्याला मध्यवर्ती केंद्र नाही. कोणते गट ठेवावेत, संदेश किती दिवस जपावेत आणि लिहिण्याची परवानगी कोणाला द्यावी, हे प्रत्येक सर्व्हरचा चालक ठरवतो. बुलेटिन बोर्ड प्रणालीला अर्थात बीबीएसला असा सर्व्हर जोडल्यास तिच्या सभासदांना इतर ठिकाणच्या चर्चांत भाग घेता येतो.

इतिहास

वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागो येथे पहिली सार्वजनिक बीबीएस सुरू केली. सभासद मोडेमद्वारे दूरध्वनीवरून तिच्याशी जोडले जात आणि त्यांचे संदेश त्या एकाच संगणकावर राहत. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी यूजनेटची कल्पना मांडली. पुढील वर्षी ते वापरात आले. प्रारंभी संदेश यूयूसीपी पद्धतीने एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जात. १९८६ मध्ये ब्रायन कँटर व फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी हा इंटरनेटवरील संकेत आरएफसी ९७७ या दस्तऐवजाद्वारे मांडला. २००६ मध्ये आरएफसी ३९७७ ने त्याची जागा घेतली. रिच साल्झ यांनी लिहिलेले आयएनएन हे या कामाचे प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर आहे.

कार्यपद्धती

प्रत्येक संदेशाला एकमेव असा ओळखक्रमांक असतो. शेजारच्या सर्व्हरने संदेश देऊ केल्यास तो क्रमांक आपल्या नोंदवहीत आहे का, हे सर्व्हर पाहतो आणि नसेल तरच संदेश स्वीकारतो. संदेश ज्या सर्व्हरांतून आला त्यांची नावे त्याच्या शीर्षभागात नोंदली जातात. त्यामुळे तो ज्या सर्व्हरवरून गेला आहे, तेथे पुन्हा पाठवला जात नाही. या दोन नोंदींमुळे केंद्राविनाही संदेशांची पुनरावृत्ती टळते.

उभारणी

आयएनएन सामान्यतः युनिक्स वा लिनक्स प्रणालीवर बसवतात. सर्व्हरला जाळ्यात इतर कोणाचेही नसलेले नाव द्यावे लागते. गटांच्या यादीत प्रत्येक गटातील पहिल्या व शेवटच्या संदेशाचा अनुक्रमांक आणि गट खुला, बंद की नियंत्रित, हे नोंदलेले असते. बाहेरचे संदेश मिळवण्यासाठी किमान एका अन्य सर्व्हरच्या चालकाची संमती लागते. अनोळखी व्यक्तींना लिहिण्याची मुभा दिल्यास सर्व्हरचा वापर जाहिराती पसरवण्यासाठी होऊ शकतो. म्हणून वाचनाचे व लेखनाचे अधिकार वेगवेगळे ठरवतात.

बाहेर पाठवायच्या गटांची निवड विशेष काळजीने करावी लागते. बीबीएसचे स्थानिक गट या यादीतून वगळले नाहीत, तर सभासदांपुरते लिहिलेले संदेश इतर सर्व्हरांवर पोहोचतात. संदेश रद्द करण्याची सोय असली तरी अनेक सर्व्हर अशा सूचना पाळत नाहीत. त्यामुळे गेलेला संदेश परत घेता येईल याची खात्री नसते.

सिंक्रोनेट या बीबीएस सॉफ्टवेअरमध्ये एनएनटीपी सर्व्हर अंतर्भूत आहे. जेथे अशी सोय नाही, तेथे बीबीएस व सर्व्हर यांच्यात संदेशांची ने-आण करणारी दुवा-आज्ञावली लागते. तिने संदेशाचा मूळ ओळखक्रमांक बदलल्यास तोच संदेश नवा समजला जाऊन पुन्हा पसरतो.

जुने संदेश किती दिवसांनी काढायचे, याचे नियम गटवार ठरवता येतात. निव्वळ मजकुराचे गट थोड्या जागेत वर्षानुवर्षे जपता येतात. फायलींची देवाणघेवाण चालणारे गट मात्र डिस्क झपाट्याने भरतात. चाचणीसाठी पोर्ट ११९ वर जोडणी करतात. उत्तरात २०० हा अंक आल्यास लेखनाची परवानगी आहे आणि २०१ आल्यास ती नाही, असा अर्थ होतो. सुरक्षित जोडणीसाठी पोर्ट ५६३ राखीव आहे.

मराठी भाषकांचा गट

यूजनेटवर सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा मराठी भाषकांचा गट होता. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अशा गटांत मराठी मजकूर प्रामुख्याने रोमन लिपीत लिहिला जाई.

सद्यस्थिती

यूजनेटचा उगम जेथे झाला, त्या ड्यूक विद्यापीठाने २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सने नवे यूजनेट संदेश घेणे थांबवले. इतर सर्व्हर मात्र चालू राहिले. केंद्र नसलेल्या या जाळ्यात एक सर्व्हर बंद पडल्याने चर्चा खंडित होत नाही. जुने संदेश टिकणे मात्र कोणीतरी त्यांची प्रत जपण्यावर अवलंबून असते.