वॅटची गोष्ट

1925 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी, आज आपल्या घरात असतो तशा जातीचा लाऊडस्पीकर बनवला. कागदी शंकू, त्याला तारेची गुंडाळी, ती चुंबकात हलणार. पण हलवायला ताकद कुठून आणायची? तेव्हाच्या रेडिओत तेवढा दम नव्हता. मग सोबत ॲम्प्लिफायरही आला, साधारण एका वॅटचा! म्हणजे बघा, ही जोडी जमवायची कटकट स्पीकरच्या जन्मापासूनची आहे. आणि पुढेही बहुतेक वेळा असंच झालं. आधी स्पीकर बदलला, मग ॲम्प्लिफायर त्याच्यामागे धावला.

हे आठवायचं कारण आमचे भाचे. आजोबांचे (म्हणजे माझ्या वडिलांचे) स्पीकर त्यांच्याकडे गेलेत, आणि त्यांना जोडायला दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यायचा घाट घातलाय. "मामा, जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला ना?" नाही रे बाबा. पण का नाही, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

1946 च्या सुमारास पॉल क्लिप्श नावाच्या गृहस्थांनी कपाटाएवढा एक स्पीकर विकायला काढला. तो खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा, कारण खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग! एक वॅट दिला की एक मीटरवर शंभर डेसिबलच्या वर आवाज. अशा धुडाला ॲम्प्लिफायर निवडायचा प्रश्नच नाही, पाच-दहा वॅटचा कुठलाही चालतो.

मग 1954 मध्ये एडगर विल्चरने सगळं उलटं केलं. हवाबंद पेटी, आणि आत कोंडलेली हवाच शंकूची स्प्रिंग. छोट्याशा पेटीतून खर्ज ऐकू येऊ लागला. लोक थक्क झाले. पण फुकट काही मिळत नाही. विल्चरच्या साथीदारांपैकी हेन्री क्लॉस आणि अँटन हॉफमन पुढे वेगळे झाले. त्यातल्या हॉफमनच्या नावाने एक नियमच आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, तिसरी सोडा. (हा हॉफमन म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक योझेफ हॉफमनचा मुलगा. विषयांतर, पण मला आवडतं असलं काही.)

1958 मध्ये स्टिरिओ रेकॉर्डी आल्या. आता दिवाणखान्यात एक नाही, दोन पेट्या हव्यात. दोन कपाटं कोण ठेवणार हो? लहान पेटी जिंकली आणि वॅटची भूक वाढली. ती भागवली ट्रान्झिस्टरने.

इथे एक गोष्ट बदलली, जी दुकानात कुणी सांगत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटी ट्रान्सफॉर्मर असायचा, आणि आठ ओहमचा स्पीकर असेल तर वायर आठच्या खुणेला. जुळवणं अगदी शब्दशः! ट्रान्झिस्टरवाल्यांना बहुधा हा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. त्याऐवजी प्रश्न उरतो तो करंटचा. कारण 'आठ ओहम' हा आकडा नावापुरता असतो, सूर बदलतो तसा तो वरखाली होतो. पीटर वॉकरचा 1957 चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक घ्या. माणसाचा आवाज त्याच्याइतका खरा क्वचितच ऐकू येतो, पण वरच्या पट्टीत तो दोन ओहमच्याही खाली उतरतो. कच्च्या ॲम्प्लिफायरची दमछाक होते. आणि फार जोरदार लावला तर स्पीकरच्या आत ठिणग्या उडतात!

उलट 1978 चा नॅड 3020. कागदावर फक्त वीस वॅट. पण अवघड स्पीकर आला तर क्षणभर त्याहून कितीतरी जास्त देणारा. मोठमोठे आकडे मिरवणाऱ्यांना त्याने पाणी पाजलं. माझ्या मते स्वस्त ॲम्प्लिफायरच्या इतिहासात याच्यासारखा दुसरा नाही.

तर भाचेबुवा, तुमचं गणित. आजोबांचे स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर 88 डेसिबल देतात, आठ ओहमचे आहेत. त्यांच्या आवडीची आलापी तुमच्या खोलीत अर्ध्या वॅटच्या आतच वाजेल. पण तबल्याची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर जाऊ शकते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. अर्ध्याचे झाले पन्नास. तेवढा दम नसेल तर थापेचा माथाच छाटला जातो आणि चामड्याऐवजी पत्रा वाजल्यासारखं होतं. पन्नासचे शंभर केलेस तर फरक फक्त तीन डेसिबलचा, जेमतेम कळेल इतका. तेव्हा पन्नास-साठ वॅटचा घे. पण चार ओहमला किती देतो ते आधी विचार. आठच्या जवळजवळ दुप्पट म्हणाला तर त्याच्या पॉवर सप्लायमध्ये जीव आहे. तो आकडाच छापलेला नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आणि उरलेल्या पैशात खोलीला जाड पडदे लाव.